विमान कंपन्यांचे विलीनीकरण आणि वैमानिकांची सेवाज्येष्ठता



दोन विमान कंपन्या एकत्र येतात तेव्हा विमाने, मार्ग आणि कर्जे यांचा हिशेब ताळेबंदात मांडता येतो. वैमानिकांच्या सेवाज्येष्ठतेचा प्रश्न मात्र इतक्या सहजतेने सुटत नाही. वैमानिकाला कोणते विमान मिळणार, सहवैमानिकाचा कमांडर केव्हा होणार आणि नोकरकपातीत प्रथम कोण जाणार, हे बऱ्याच अंशी यादीतील क्रमांकावर अवलंबून असते.

भारताचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. १९५३च्या राष्ट्रीयीकरणानंतर एअर इंडियाकडे आंतरराष्ट्रीय, तर इंडियन एअरलाइन्सकडे मुख्यतः देशांतर्गत सेवा सोपविण्यात आली. एकीकडे लांब पल्ल्याची मोठी विमाने, तर दुसरीकडे कमी पल्ल्याची लहान विमाने. त्यामुळे दोन्हीकडील वेतनरचना आणि बढतीची गती वेगवेगळी राहिली. २००७ मध्ये या कंपन्यांचे विलीनीकरण झाले. परंतु वैमानिकांचे दोन प्रवाह वेगळेच राहिले.

२०११ मध्ये पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी वेतनसमानतेसाठी संप केला. त्यानंतर सरकारने न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचा अहवाल जानेवारी २०१२ मध्ये आला. त्याच वर्षी मे महिन्यात पूर्वाश्रमीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी संप पुकारला. नव्या ड्रीमलायनर विमानांच्या प्रशिक्षणात दुसऱ्या गटाला वाटा दिल्यास आपली बढती लांबेल, अशी त्यांची भीती होती. हा संप सुमारे दोन महिने चालला आणि त्याची झळ प्रवाशांना व सार्वजनिक तिजोरीला बसली. विलीनीकरण २००७ मध्ये आणि समिती २०११ मध्ये, हा क्रमच मुळात उलटा होता.

अमेरिकेतही हा प्रश्न सोपा ठरला नाही. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ताब्यात घेतल्यावर टीडब्ल्यूएचे अनेक वैमानिक एकत्रित यादीच्या तळाशी गेले. या अनुभवातून २००७ मध्ये कायदा झाला. याद्या न्याय्य रीतीने एकत्र कराव्यात आणि सहमती न झाल्यास लवादाकडे जावे, अशी तरतूद त्यात आहे. यूएस एअरवेज व अमेरिका वेस्ट यांच्या २००५च्या विलीनीकरणात लवादाचा निर्णय एका गटाने स्वीकारला नाही आणि दोन्ही गट अनेक वर्षे वेगळेच राहिले.

यादी एकत्र करण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत. पहिला, रुजू होण्याच्या तारखेनुसार. यात सेवेच्या वर्षांचा मान राहतो, पण वेगाने वाढलेल्या कंपनीतील तरुण कमांडर मागे पडतो. दुसरा, पद आणि विमानप्रकार यांच्या प्रमाणानुसार. यात प्रत्येकाचे सध्याचे स्थान बरेचसे टिकते, पण दीर्घ सेवा केलेल्या सहवैमानिकावर अन्याय होऊ शकतो. म्हणूनच काही विमाने वा तळ ठरावीक काळ मूळ गटासाठी राखून ठेवण्याची अटही घातली जाते.

२०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा तीत विलीन झाली. त्यामुळे हा विषय केवळ इतिहासाचा राहिलेला नाही. कोणतेही सूत्र सर्वांचे समाधान करणार नाही, हे उघड आहे. परंतु निकष आधी जाहीर झाले, दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले गेले आणि निर्णय तटस्थ व्यक्तीने दिला, तर तोटा सोसणाऱ्यालाही तो मान्य करणे शक्य होते. विमानाच्या कक्षात शेजारी बसणाऱ्या दोघांचा एकमेकांवर विश्वास असणे, ही अखेर प्रवाशांच्याही हिताची बाब आहे.