दोन काड्यांची चूल



मुलाचे थंडीवाऱ्यापासून रक्षण करणे हा पालकाचा धर्म होय. थंडीशी स्वतः सामना करण्याची विद्या मुलाला लाभू देणे, हाही त्याच धर्माचा भाग आहे. आणि तो पहिल्यापेक्षा अवघड आहे. बालवीरांच्या मैदानावरील एका गारठलेल्या दिवशी ही दोन कर्तव्ये पालकाच्या मनात समोरासमोर उभी राहतात.

बालवीर चळवळीचा जन्मच मुळी उघड्या आकाशाखाली झाला. ऑगस्ट १९०७ मध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या ब्राउनसी बेटावर सुमारे २० मुलांचे शिबिर भरवले. १९०९ मध्ये बंगलोर येथे भारतातील पहिले पथक निघाले. परंतु प्रारंभी या पथकांत युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांनाच प्रवेश होता. भारतीय मुलांसाठी निराळे प्रयत्न करावे लागले. १९१६ मध्ये ॲनी बेझंट यांनी मद्रास येथे, तर १९१८ मध्ये मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबाद येथे बालवीरांच्या संघटना उभारल्या. स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये, विविध संघटनांच्या एकीकरणातून ‘भारत स्काउट्स अँड गाइड्स’ ही संस्था अस्तित्वात आली. मैदानावरील हे शिक्षण भारतीय मुलांना आयते मिळालेले नाही, याचे स्मरण पालकांनी अवश्य ठेवावे.

त्याच अलाहाबादच्या, म्हणजे आजच्या प्रयागराजच्या, परिसरातील जानेवारीची एक सकाळ कल्पनेने डोळ्यांसमोर आणावी. गंगेच्या खोऱ्यात या दिवसांत धुके दाट असते. सूर्य वर आला तरी ऊन जमिनीपर्यंत पोहोचत नाही. गवत, माती आणि सरपण ओलसर राहते. अकरा वर्षांचा एक मुलगा अर्ध्या विजारीत, गळ्यात स्कार्फ बांधून उभा आहे. पालकांनाही बोलावणे असल्याने त्याची आई मैदानाच्या कडेला शाल लपेटून बसली आहे.

आईची काळजी निराधार नाही. वजनाच्या मानाने मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ प्रौढापेक्षा अधिक असते; त्यामुळे त्याचे शरीर लवकर थंड होते. म्हणूनच तिने आदल्या रात्री एका जाड कोटाऐवजी दोन लोकरी स्वेटर काढून ठेवले. ऊब कपड्यांच्या थरांत अडकलेल्या हवेत असते, हे तिला ठाऊक आहे. भिजलेले सुती कापड अंगातील उष्णता ओढून घेते, म्हणून पायमोज्यांचा एक कोरडा जोड पिशवीत आहे. बसण्यासाठी पथकाने भाताचा पेंढा पसरला आहे. कारण थंडी वाऱ्याइतकीच जमिनीतूनही शरीरात शिरते.

आज मुलाची परीक्षा आहे. द्वितीय सोपानाच्या चाचणीत लाकडाची चूल दोनहून अधिक काड्या न वापरता पेटवावी लागते. मुलाने बोटाएवढ्या काटक्या रचल्या, वर जाड लाकडे ठेवली आणि पहिली काडी ओढली. धूर निघाला, पण ज्योत धरली नाही. त्याने काटक्या मोकळ्या करून हवेला वाट दिली आणि दुसरी काडी ओढली. क्षणभर लाल ठिणगी दिसली आणि विझली. बोटे बधिर झालेली, डोळ्यांत पाणी. ते धुराचे की अपमानाचे, हे सांगणे कठीण.

आईच्या पिशवीत थर्मासबरोबर काड्यांची एक भरलेली पेटी होती. तिचा हात पिशवीपर्यंत गेला. तिने थर्मास तेवढा बाहेर काढला.

या ठिकाणी एक मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक आहे. कुडकुडणे हा शरीराने स्वतः उष्णता निर्माण करण्याचा मार्ग आहे. परंतु बोलणे अडखळू लागले, हालचालीत ढिलाई आली, गुंगी वाटू लागली किंवा मूल गारठलेले असतानाच कुडकुडणे थांबले, तर ते धोक्याचे चिन्ह समजावे. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली जाणे म्हणजे गंभीर संकट होय. अशा वेळी चाचणी, शिस्त, अभिमान, सारे बाजूला ठेवून मुलाला आडोशाला न्यावे, कोरडे कपडे घालावे, अंग उबदार करावे आणि वैद्यकीय मदत मिळवावी. तेथे पालकाने क्षणाचाही विलंब लावू नये.

या मुलाची स्थिती तशी नव्हती. तो थंडीने काकडला होता आणि हिरमुसला होता, इतकेच. स्काउटमास्तरांनी एक काटकी मोडून त्याच्या हातात दिली. बाहेरून सुकी दिसणारी ती काटकी आत ओली होती. जाड लाकूड फोडले असते तर गाभ्याच्या कोरड्या ढलप्या मिळाल्या असत्या, हेही त्यांनी दाखवले. चाचणी पुढे ढकलली गेली. दुसऱ्या तुकडीच्या चुलीवर शिजलेली खिचडी खाताना मुलानेच आईला सांगितले, की पुढच्या वेळी सरपण आदल्या रात्री घरात आणून ठेवायचे.

तिसरी काडी मिळाली असती तर चूल कदाचित पेटलीही असती. पण ओल्या लाकडाची ओळख राहून गेली असती. ‘तयार’ हे बालवीरांचे ब्रीद आहे, आणि तयारी ही आदल्या दिवशीची गोष्ट असते. स्वेटर, मोजे, पोटभर न्याहारी आणि धोक्याच्या चिन्हांची माहिती, हा पालकाचा वाटा घरून निघण्यापूर्वीच पुरा व्हावयास हवा. मैदानावर त्याने सावध राहावे, जवळ असावे आणि काड्या मुलाच्या हाती राहू द्याव्यात.