जखमेतली माशी

स्क्रूवर्म नावाची माशी जिवंत प्राण्याच्या जखमेत अंडी घालते आणि अळ्या ताजं मांस पोखरतात. गोचिडीने केलेली जखम, पाडसाची ओली नाळ, एवढंही तिला पुरतं. मादी साधारण एकदाच मीलन करते. म्हणून किरणांनी निर्बीज केलेले नर सोडून अमेरिकेने ती हटवली होती. पण २०१६ मध्ये ती फ्लोरिडाच्या बेटांवर परतली आणि तिथल्या दुर्मीळ, बुटक्या ‘की’ हरणांपैकी शंभराहून अधिक दगावली. ती साथ आवरली. मात्र २०२३ पासून माशी पनामातून उत्तरेकडे सरकत २०२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचली. गोठ्यातल्या गाईची जखम रोज पाहता येते, रानातल्या हरणाची नाही. त्यामुळे निर्बीज माश्यांची पैदास वाढवण्यात जराही दिरंगाई परवडणार नाही.