रस्त्यावरचा वारा

मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरून, म्हणजे आजच्या शामळदास गांधी मार्गावरून, आपण कधी दुपारी चालत गेला असाल, तर समुद्राकडून येणारी झुळूक आपणांस जाणवली असेल. तिला वाट मिळाली ती योगायोगाने नव्हे. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला, १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली, आणि त्या ट्रस्टने दाट वस्ती चिरून प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रस्ते पूर्वपश्चिम काढले. पश्चिमेचा वारा शहराच्या पोटात शिरावा, हा त्यामागील एक हेतू होता. कोंदट हवेमुळे प्लेग पसरतो, अशी तेव्हा पुष्कळांची समजूत होती. पुढे दोष उंदरांच्या अंगावरील पिसवांचा ठरला. निदान चुकले, पण रस्ते उपयोगी पडले. ज्यांची घरे त्यांसाठी पाडली गेली, त्यांच्या वाट्यास तो वारा किती आला, हा प्रश्न मात्र निराळा आहे.

वाऱ्याची रीत मोठी विलक्षण असते. गल्ली वाऱ्याच्या दिशेने असेल, तर तो तिच्यातून सरळ वाहतो. गल्ली आडवी व अरुंद असेल, तर तो छपरांवरूनच निघून जातो. खाली केवळ एक भोवरा फिरत राहतो, आणि घरांची उंची गल्लीच्या रुंदीच्या दुपटीपलीकडे गेली, की तो भोवराही जमिनीपर्यंत धड पोहोचत नाही. चुलीचा आणि मोटारींचा धूर मग तेथेच घुटमळतो. येथे उंचीला सरसकट दोष देणे मला अन्यायाचे वाटते. सडपातळ, सुटी उभी असलेली उंच इमारत वरचा वारा भिंतीवरून खाली रस्त्यावर आणते. खरी अडचण रुंदीची आहे. एकीला एक लागून उभ्या राहिलेल्या इमारती, किंवा सबंध भूखंड व्यापणारे वाहनतळाचे मजले, वाऱ्यापुढे तटबंदी उभारतात. हाँगकाँगमध्ये अशा रांगांना लोकांनी 'पडदा-इमारती' असे नावच दिले. २००३ च्या सार्स साथीनंतर तेथील शासन जागे झाले, आणि २००६ पासून मोठ्या सरकारी प्रकल्पांसाठी पादचाऱ्याच्या पातळीवर वारा किती उरेल, याची आगाऊ तपासणी होऊ लागली.

आपल्याकडेही एक हिशेब होता. ट्रस्टच्या काळात मुंबईत साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुढे आला. तो मुख्यतः उजेडासाठी होता. पण त्याचा व्यवहारी अर्थ असा, की समोर जितकी मोकळी जागा, तिच्या दुपटीहून इमारत उंच नसावी. या मापाने ३ मीटर मोकळ्या जागेस ६ मीटर उंची, म्हणजे जेमतेम दोन मजले! आता गोवंडी-मानखुर्दकडील पुनर्वसन वसाहती पाहा. तेथे कित्येक मजल्यांच्या इमारतींमध्ये काही ठिकाणी अवघे ३ मीटर अंतर आहे. अशा वसाहतींच्या २०१८ साली पुढे आलेल्या अभ्यासात, जेथे इमारती खेटून उभ्या आहेत तेथे खालच्या मजल्यांवरील कुटुंबांत क्षयरोगाचे प्रमाण अधिक आढळले. क्षयाचे जंतू हवेतूनच पसरतात. प्लेगच्या बाबतीत फसलेला तो जुना तर्क येथे, दुर्दैवाने, तंतोतंत लागू पडतो.

माझ्यासारख्या शासकीय नोकराच्या टेबलावर नकाशा येतो, तो एका भूखंडाचा. मालकाचे नाव, चटईक्षेत्र, चारी बाजूंची मोकळी जागा, सारे त्यात असते. त्या इमारतीमागे ज्याचा वारा बंद होणार, त्या शेजाऱ्याचा मात्र फायलीत कोठेच उल्लेख नसतो. नकाशासोबत सबंध गल्लीचा एक छेद मागवावा, त्यावर वाऱ्याच्या दिशेचा बाण असावा, आणि जमिनीपासून दीड-दोन मीटरांवर किती वारा उरतो, हे अर्जदाराने दाखवावे, एवढी मागणी तरी आपण करू शकतो. त्यास एक जादा कागद लागेल.