बिघडलेल्या शीतकपाटाचा निवाडा

छत्री मोडली तर तिची कोणती काडी मोडली हें मालकाला दिसतें. खुर्ची डगमगूं लागली तर सुताराला बोलावण्यापूर्वींच पाय कोणता निखळला तें ठाऊक असतें. शीतकपाटाचें, म्हणजे ज्याला घरोघर फ्रिज म्हणतात त्याचें, तसें नाहीं. तें बिघडलें हें नासलेल्या दुधावरून कळतें. त्यांत काय बिघडलें हें मात्र कळत नाहीं. आणि तें कळण्यापूर्वींच दुरुस्त करावें कीं नवें आणावें, हा वाद घरांत सुरू होतो. वास्तविक हा वाद दुसऱ्या पायरीवरचा आहे. पहिली पायरी निदानाची, आणि तीच बहुधा ओलांडली जाते.

पुण्यास सदाशिव पेठेंत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका कुटुंबावर 2022 सालच्या मे महिन्यांत हा प्रसंग आला. कुटुंब मध्यम स्थितीचें : बँकेंतून निवृत्त झालेले गृहस्थ, त्यांच्या 84 वर्षांच्या मातोश्री, मुलगा, सून आणि शाळेंत जाणारी नात. फ्रिज दोन दारांचा, 2006 सालीं घेतलेला, म्हणजे 16 वर्षांचा. वरच्या कप्प्यांत बर्फ उत्तम होत होता. पण खालच्या कप्प्यांतील दूध सकाळपर्यंत फाटूं लागलें. दूध फाटलें तर त्याचें पनीर करतां येतें. परंतु त्याच कप्प्यांत मातोश्रींच्या इन्सुलिनच्या कुप्या होत्या, आणि त्यामुळें हा प्रश्न पुढच्या पगारावर ढकलण्यासारखा नव्हता.

न उघडलेलें इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअस इतक्या थंडाव्यांत ठेवावें लागतें. वापरांत असलेली कुपी 30 अंशांच्या आंत सामान्यतः चार आठवडे टिकते. पण वैशाखांतील पुण्याची खोली 30 अंशांच्या आंत राहावी कशी? बरें, उष्णता जशी वाईट तसेंच गोठणेंही वाईट. एकदां गोठलेलें इन्सुलिन पुन्हां वितळलें तरी निरुपयोगीच. तें टाकूनच द्यावें लागतें. म्हणून कुप्या वरच्या बर्फाच्या कप्प्यांत हलवाव्या ही मुलाची सूचना सुनेनें जागच्या जागीं मोडून काढली. न उघडलेल्या कुप्या तिनें शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्यें नेऊन ठेवल्या. चालू कुपीसाठीं उपाय सांगितला तो मातोश्रींनींच : मोठ्या मडक्यांत लहान मडकें, दोहोंमध्यें ओली वाळू, तोंडावर ओलें फडकें, आणि आंतल्या मडक्यांत कोरड्या डबींत कुपी. पाण्याची वाफ होतांना ती आसपासची उष्णता ओढून घेते, त्यामुळें आंतलें मडकें गार राहतें. कोरड्या हवेंत हा उपाय चांगला चालतो. मुंबईच्या दमट हवेंत त्यावर तितका विश्वास ठेवतां येत नाहीं.

पहिल्या दिवशीं जो कारागीर आला त्यानें दार उघडलें, आंत हात घातला आणि निकाल दिला : गॅस संपला आहे, भरावा लागेल, साडेतीन हजार रुपये.

गॅस संपला, हा शब्दप्रयोगच मुळीं फसवा आहे. स्वयंपाकाचा गॅस जळून संपतो. फ्रिजमधला गॅस जळत नाहीं कीं खर्चही होत नाहीं. तो बंद नळ्यांतून फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, त्यामुळें तो तापतो. बाहेरच्या नळ्यांत तो आपली उष्णता खोलीला देऊन द्रवरूप होतो. मग एका केसासारख्या बारीक नळीवाटे तो आंतल्या नळ्यांत शिरतो, तेथें दाब कमी असल्यामुळें उकळूं लागतो, आणि उकळण्यासाठीं लागणारी उष्णता आंतल्या अन्नापासून घेतो. हें चक्र 20 वर्षें चाललें तरी गॅस तेवढाच राहावयास हवा. कमी झाला असेल तर कोठें तरी गळती आहे, आणि गळती न शोधतां गॅस भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी भरणें. शिवाय या जातीच्या दोन दारी फ्रिजमध्यें थंडी एकाच ठिकाणीं, वरच्या कप्प्याच्या पाठीमागें, उत्पन्न होते आणि एक लहान पंखा ती खालीं लोटतो. वर बर्फ होत आहे, याचा अर्थ थंडी उत्पन्न होत आहे. ती खालीं पोहोंचत नाहीं एवढेंच. अशा फ्रिजमध्यें गॅस भरणें हें आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं यांतलेंच.

दुसऱ्या दिवशीं गृहस्थ दुकानांत गेले. तेथें तर निदानाची गरजच नव्हती, कारण दुकानदारापाशीं औषध एकच होतें. जुना फ्रिज द्या, दोन हजार सूट घ्या, आणि 29,000 रुपयांचा नवा आजच संध्याकाळीं घरीं पोहोंचेल. मुलाला तें पटलें. मातोश्रींनाही पटलें; त्या म्हणाल्या, "दुकानदाराला कशाला? जुना आपल्या बाईंना देऊं. त्यांच्याकडे फ्रिज नाहीं."

येथें सुनेनें जें केलें तें कोणाही घराला करतां येण्यासारखें आहे. तिनें फ्रिज रिकामा केला, बटण बंद केलें आणि दोन्ही दारें पूर्ण एक दिवस उघडीं ठेवलीं. वरच्या कप्प्याच्या मागून इतकें पाणी आलें कीं खालीं घातलेलीं दोन पोतीं भिजलीं. नंतर फ्रिज चालू केला तो पांच दिवस नव्यासारखा चालला, आणि सहाव्या दिवशीं दूध पुन्हां फाटलें. हे पांच दिवसांचें आरोग्यच रोगाचें नांव सांगून गेलें. थंड नळ्यांवर हवेंतील ओलावा हिमरूपानें सांचत असतो. कांहीं तासांनीं एक लहान विजेचा हीटर आपोआप तापून तें हिम वितळवितो. तो हीटर, किंवा त्याला चालविणारें घड्याळ वा थर्मोस्टॅट बंद पडलें म्हणजे हिमाची भिंत वाढत जाते, हवेची वाट बुजते, आणि वर हिमालय तर खालीं वैशाख अशी स्थिति होते. दुसरा कारागीर वयस्कर होता. त्याला हे पांच दिवस सांगतांच त्यानें पाठीमागचें झांकण काढलें, हीटरला मीटर लावला आणि तुटलेली तार दाखविली. खर्च मजुरीसह 2,200 रुपये.

याहून क्षुद्र कारणांनींही शीतकपाटें मरणपंथास लागलेलीं दिसतात. दाराची रबरी पट्टी सैल झाली असेल तर दारांत कागदाची चिठ्ठी धरून दार लावावें. चिठ्ठी सहज सुटून आली तर तेथून गार हवाही जात असते. पट्टी कोमट पाण्यानें धुतली तर कधीं कधीं तेवढ्यानेंच काम भागतें. पाठीमागच्या जाळीवर वर्षानुवर्षांची धूळ बसली असेल तर उष्णता बाहेर पडणार कोठून? कॉम्प्रेसर गुणगुणतो, टक् असा आवाज होतो आणि तो थांबतो, पुन्हां कांहीं मिनिटांनीं तेंच. अशा वेळीं कॉम्प्रेसर जळाला असें घाईनें मानूं नये. त्याला सुरू करून देणारी रिले गेलेली असूं शकते, आणि ती कॉम्प्रेसरच्या मानानें फार स्वस्त असते.

आतां हिशेबाकडे. हीटर दुरुस्त होऊं शकतो हें ठरलें तरी तो दुरुस्त करावा हें ठरत नाहीं. जुना फ्रिज वीज अधिक खातो असें मुलाचें म्हणणें होतें, आणि तें खरेंही होतें. विजेच्या उपकरणांवर तारे लावण्याची सरकारी योजना भारतांत 2006 सालींच सुरू झाली. त्याच वर्षीं घेतलेल्या या फ्रिजवर असा एकही तारा नव्हता. पण अधिक म्हणजे किती? दुरुस्तीनंतर गृहस्थांनीं एके रात्रीं घरांतील दिवे, पंखे आणि दूरदर्शन संच बंद करविले, 11 वाजतां मीटर वाचला आणि पहाटे 5 वाजतां पुन्हां वाचला. (पंख्यावांचून घरच्या मंडळींची ती रात्र कशी गेली हा वेगळा विषय आहे.) सहा तासांत अर्धें युनिट. म्हणजे दिवसाला दोन, वर्षाला सुमारें 730 युनिटें. दिवसा दार उघडझांप होते म्हणून थोडीं अधिकच. दुकानांतील नव्या फ्रिजच्या पट्टीवर वर्षाला 240 युनिटें छापलेलीं होतीं. छापील आंकडा प्रयोगशाळेंतला. घरीं तो वाढणार म्हणून त्यांनीं 300 धरला. फरक 430 युनिटांचा. सर्व आकार मिळून युनिटाला 10 रुपये धरले तर वर्षाला 4,300 रुपये. या बचतींतून 29,000 रुपये फिटावयास पावणेसात वर्षें लागणार. उलट 2,200 रुपयांची दुरुस्ती दोन वर्षें जरी टिकली तरी वर्षाला 1,100 रुपयेच पडले. यांत नव्या फ्रिजचें आयुष्य आणि जुन्याची अनिश्चितता या दोन्ही गोष्टी येत नाहींत, हें गृहस्थांना कळत होतें. तरीही पेन्शनीच्या घरांत एकदम 29,000 रुपये काढणें आणि 2,200 रुपये काढणें यांतील अंतर त्यांना कोणत्याही कोष्टकाहून स्पष्ट दिसलें.

घरकामाच्या बाईंना फ्रिज देण्याची मातोश्रींची कल्पना मात्र हिशेबानें नव्हे, बाईंच्याच बोलण्यानें मागें पडली. त्या म्हणाल्या, "फ्रिज फुकट येईल हो काका, पण बिल फुकट यायचं नाही." गृहस्थांनीं मग तोही आंकडा मांडून पाहिला. बाईंच्या घरचा विजेचा वापर महिन्याला 80 युनिटांच्या आसपास. महाराष्ट्रांत घरगुती विजेचा दर पहिल्या 100 युनिटांना कमी आणि त्यापुढील युनिटांना बराच अधिक आहे. फ्रिजचीं 60 युनिटें मिळविलीं कीं 140 होणार, आणि त्यांतलीं 40 चढ्या दरानें जाणार. जुनें यंत्र गरीब घरीं देणें म्हणजे पुष्कळदां आपलें विजेचें बिल त्या घरीं पाठविणें होय. देणाऱ्याला तें पुण्य वाटतें आणि घेणाऱ्याला संकोचानें नको म्हणवत नाहीं. या बाईंनीं म्हटलें, हें विशेष.

दुरुस्ती झाली. फ्रिज चालला, आणि दोन वर्षांहून अधिक चालला.

2024 सालच्या ऑक्टोबरांत तो पुन्हां बिघडला, पण लक्षणें निराळीं होतीं. आतां वरचा कप्पाही गार होईना. कॉम्प्रेसर क्षणभरही न थांबतां चालत होता, आणि एरवीं हाताला कोमट लागणाऱ्या बाहेरच्या बाजू थंडगार होत्या. तोच वयस्कर कारागीर आला. या खेपेला गॅस खरोखरच गेला होता. त्यानें दिसणाऱ्या सर्व सांध्यांना साबणाचा फेस लावून पाहिला; बुडबुडा कोठेंही आला नाहीं. तेव्हां गळती भिंतीच्या आंत, फोममध्यें गाडलेल्या नळींत. दाराच्या चौकटीभोंवतीं घाम धरूं नये म्हणून तेथून एक गरम नळी फिरविलेली असते. ती गंजून झिजते आणि भिंत फोडल्यावांचून हातीं लागत नाहीं. ती नळी सोडून देऊन बाहेरून नवी जाळी बसविण्याची एक युक्ति कारागीर करतात. तिला 6,500 रुपये पडले असते. पण यानेंच सांगितलें कीं, 18 वर्षांच्या यंत्रांत एवढे पैसे घालूं नका, कारण उद्यां कॉम्प्रेसर गेला तर हेही गेले. स्वतःचें साडेसहा हजारांचें काम त्यानें आपल्याच तोंडानें घालविलें. पहिल्या खेपेस आठ दिवस चाललेला वाद या खेपेस चहा संपण्यापूर्वीं मिटला.

नवा घेतांना सुनेनें तारे मोजले नाहींत. पट्टीवरचीं वार्षिक युनिटें वाचलीं, तींही सारख्या लिटरांच्या फ्रिजमधलीं. ताऱ्यांचे निकष ठराविक काळानें कडक होत जातात, त्यामुळें जुन्या सालचे पांच तारे आणि नव्या सालचे पांच तारे एक नव्हेत. पट्टीवर साल छापलेलें असतें तेंही पाहावें लागतें. नव्यांत गॅसही निराळा आहे. जुन्यांत होता तो आर-134ए. ओझोनच्या थराला तो अपाय करीत नाहीं, पण हवेंत सुटला तर वजनास वजन कार्बन डायॉक्साइडच्या हजारपटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. नव्यांत आहे तो आइसोब्युटेन. तो त्या दृष्टीनें जवळजवळ निरुपद्रवी, परंतु ज्वालाग्राही आहे. घरगुती फ्रिजमध्यें तो थोडे ग्रॅमच असतो, म्हणून भिण्याचें कारण नाहीं. मात्र पुढें कधीं दुरुस्ती निघाली तर ज्याला या गॅसची माहिती नाहीं अशा कारागिराला तेथें ज्योत पेटवूं देऊं नये.

राहिला जुना. भंगारवाला दारांत 800 रुपये घेऊन उभा होता. तो करवतीनें नळ्या कापतो, तांबें काढतो आणि तेल गटारांत सोडतो. 1 एप्रिल 2023 पासून अंमलांत आलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणें अशीं यंत्रें नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जावयास हवींत. तशा केंद्राचा माणूस 500 रुपये देण्यास तयार झाला. तीनशें रुपयांसाठीं मुलानें थोडी कुरकूर केली, पण फ्रिज केंद्राकडेच गेला.

गाडी यावयास दोन दिवस होते. तोंवर फ्रिज जिन्याखालीं ठेवावा लागणार होता, आणि जिन्याखालीं इमारतींतील मुलें लपंडाव खेळतात. मातोश्रींनीं हट्ट धरून दोन्ही दारें बिजागऱ्यांतून काढविलीं. नातीला हें हंसण्यासारखें वाटलें. पण पूर्वींच्या फ्रिजना बाहेरून खिटी असे, टाकून दिलेल्या अशा फ्रिजमध्यें लपलेलीं मुलें अमेरिकेंत गुदमरून मेलीं, आणि म्हणून 1956 सालीं तेथें दार आंतूनही उघडलें पाहिजे असा कायदा करावा लागला. हल्लींचें दार चुंबकाच्या पट्टीनें लागतें आणि आंतून ढकलतां येतें. तरी लहान मुलाच्या बळावर भरंवसा कोणी ठेवावा? निघालेलीं दारें दोन दिवस कठड्याला टेकून उभीं होतीं. वरच्या मजल्यावर नव्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यांत, मागच्या भिंतीपासून दूर, इन्सुलिनच्या कुप्या एका डब्यांत ठेवलेल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारीं सुनेनें ठेवलेला लहानसा तापमापक 5 अंश दाखवीत होता.