कुरणांच्या मुलखाचे जुने नकाशे

रॉकी पर्वताच्या पूर्वेस अमेरिकेतील ‘हाय प्लेन्स’ हे विस्तीर्ण पठार पसरले आहे. पाऊस अल्प, झाडी विरळ आणि दृष्टी पोहोचेल तेथवर गवत. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहत करणाऱ्यास १६० एकर जमीन देऊ केली. परंतु कोरड्या प्रदेशात गुरांवर निर्वाह करावयाचा तर एका कुटुंबास २,५६० एकर कुरण हवे, असे जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या अहवालात बजावले. हा सल्ला मानला गेला नाही. १८८१ मध्ये पॉवेल भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याचे प्रमुख झाले, आणि त्यांच्याच कारकीर्दीत देशाचे स्थलदर्शक नकाशे तयार होऊ लागले.

या नकाशांत तपकिरी समोच्च रेषा जमिनीचा चढउतार दाखवितात, निळा रंग पाणी आणि काळा रंग माणसाची करणी. पुढील नकाशांत कुरणातील पवनचक्क्याही नोंदलेल्या आढळतात. कारण गुरांसाठी भूगर्भातील पाणी उपसणारी पवनचक्की हाच तेथील जीवनाचा आधार होता.

१९३० नंतरच्या दशकात अवर्षण आणि धुळीची वादळे आली. असंख्य कुटुंबे परागंदा झाली. एकाच भागाचे जुने आणि नवे नकाशे शेजारी ठेवले, तर जुन्यातील घराची किंवा शाळेची काळी खूण कित्येकदा नव्यात सापडत नाही. समोच्च रेषा मात्र जवळजवळ तशाच असतात. आज हे जुने नकाशे कोणासही विनामूल्य पाहता येतात. जमीन किती माणसे पोसू शकते, हा प्रश्न वाटपापूर्वीच विचारावयास हवा होता, याची साक्ष त्या पुसलेल्या खुणा देतात.