चोर सोडून संन्याशाला फाशी
(वाडीच्या बैठकीतील भाषण)



कुणाच्या बागेतला आंबा रात्रीत गेला, कुणाची पंपाची मोटर गेली, की गाडी आधी कुठल्या वाडीवर येते? आपल्या. आपण कातकरी. 'वानरमारे' हे नाव आपल्याला दुसऱ्यांनी दिलं. चौकीत आपलं नाव विचारायच्या आधी जात विचारतात, आणि पुष्कळदा तपास तिथंच संपतो.

ही खोड जुनी आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. पारध्यांसारख्यांना सोलापूरला तारेच्या कुंपणात ठेवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. कागदावरून गेला, डोक्यातून नाही.

त्याचं काय होतं ते ऐका. २००३ साली आपल्याच राज्यात एका कुटुंबातली माणसं मारली गेली, बायकांवर अत्याचार झाला. पोलिसांनी भटक्या जमातीचे सहा गरीब मजूर धरले. जिवंत राहिलेल्या बाईने सुरुवातीलाच पोलिसांकडचे फोटो बघून वेगळेच चार जण दाखवले होते. त्या चौघांचा धड तपास झाला नाही. नाशिकच्या कोर्टाने या सहांना फाशी दिली. हायकोर्टाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली! त्यांच्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

मग त्याच सुप्रीम कोर्टाने आपला निकाल परत तपासायला घेतला आणि ५ मार्च २०१९ ला सहाही जण निर्दोष सोडले. हे भटक्या जमातीचे, तळातले मजूर आहेत, म्हणून त्यांना खोटं गोवलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं कोर्टानेच लिहिलं. प्रत्येकी पाच लाख भरपाई सांगितली. पण सोळा वर्षं गेली ती कोण देणार? आणि ज्या घरातली माणसं मेली, त्या घराला तरी काय मिळालं? खरे गुन्हेगार सापडलेच नाहीत.

आपल्याकडे फाशीची केस नसेल, पण रीत तीच. वनहक्काचा दावा टाकला की लाकूडचोरीची नाहीतर अतिक्रमणाची केस पुढे येते. माणूस तारखांना पळतो, मजुरी बुडते, दावा पडून राहतो. म्हणून एवढं लक्षात ठेवायचं :

१) कोऱ्या कागदावर अंगठा नाही, सही नाही. वाचून दाखवल्याशिवाय तर नाहीच.
२) अटक का, ते विचारायचं. अटकेच्या कागदावर घरच्याची किंवा वाडीतल्याची साक्ष लागते. चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावंच लागतं. मारलं असेल तर तिथं सांगायचं.
३) आदिवासीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. ओरोसला जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा.
४) दाव्याची पोच जपून ठेवायची. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत जमिनीवरून हटवता येत नाही, असं २००६ चा वनहक्क कायदा सांगतो.
५) बिगर-आदिवासीने आपल्यावर मुद्दाम खोटी केस केली, तर तो ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे.

आपल्यातल्या कुणी खरंच चोरी केली, तर आम्ही त्याला पाठीशी घालणार नाही. पण पुरावा माणसाचा बघा, जातीचा नाही. एकट्याला गाडीत घातलं की तो चोर ठरतो. म्हणून यापुढे वाडीतला एकही माणूस चौकीवर एकटा जाणार नाही. सोबत चार जण जातील, त्यात दोन बाया असतील. कोण जाणार, ती नावं आज इथंच लिहून घेऊ.