जुनी लष्करी गाडी आणि आमचे मामंजी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी काही भाषणे करणारी बाई नव्हे. शिक्षण सातवीपर्यंत. हळदीकुंकवाला नाव घ्यायची वेळ आली तरी माझी जीभ टाळ्याला चिकटते. चिटणीसबाई निरोप घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना म्हटले, "बाई, मला लोणच्याविषयी विचारा, काळ्या मसाल्याविषयी विचारा." तर त्या म्हणाल्या, "ते सगळ्यांनाच येतं. तुमच्या गल्लीत ती मिलिटरीची गाडी आली आणि तुमचे सासरे बोलायला लागले, ते सांगा." तेव्हा तेच सांगते. चुकलेमाकले पदरात घ्या.

आपले नगर, आता सरकारदरबारी अहिल्यानगर, हे लष्कराचे गाव. रणगाड्यांचे शिक्षण देणारी शाळा इथेच. इथे कितीतरी घरांत कुणी ना कुणी फौजेत होता किंवा आहे. पण खरे सांगू का, माझ्या लेखी लष्कर म्हणजे कँटीनचे सामान आणि मामंजींची पेन्शन. त्यापलीकडे विचार कधी केला नाही.

मामंजी १९६६ साली अठराव्या वर्षी भरती झाले. ए. एस. सी. म्हणून जे दल आहे, सैन्याला शिधा, पेट्रोल, दारूगोळा पोचविणारे, त्यात ते ड्रायव्हर होते. सतरा वर्षे नोकरी करून घरी आले. १९७१ च्या लढाईत ते पश्चिमेच्या सरहद्दीवर होते, एवढे आम्हाला ठाऊक. पुढचे सासूबाईंनाही ठाऊक नव्हते. त्या सहा वर्षांपूर्वी गेल्या. शेवटपर्यंत म्हणायच्या, "ह्यांनी मला सगळ्या हिंदुस्थानातल्या गावांची नावं सांगितली, पण तिथं काय केलं ते नाही सांगितलं."

मामंजींची एक खोड होती. घरात जे वाहन येईल त्याच्या मागच्या बाजूला ते पांढऱ्या रंगाचा ठिपका काढायचे. गावाकडच्या बैलगाडीच्या मागच्या फळीवर ठिपका. सायकलला ठिपका. मुलांच्या तीनचाकीलासुद्धा! गावात लोक हसत. आमच्या ह्यांनी नवी स्कूटर आणली, तिची पूजा झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो मागच्या मडगार्डवर रुपयाएवढा पांढरा गोळा. मला इतका राग आला! एवढे हप्ते भरून आणलेली गाडी. मी रॉकेलचा बोळा घेऊन तो घासून काढला, आणि मामंजी ओट्यावर बसलेले असताना काढला. ते काही बोलले नाहीत. चार दिवसांनी ठिपका पुन्हा होता. मी पुन्हा पुसला. मग त्यांनी नाद सोडला. ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगून ठेवते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मुलाचे गॅरेज आहे. मुलगा कष्टाळू, पण जुन्या गाड्यांचे वेड. दोन वर्षांपूर्वी त्याने कुठूनशी एक जोंगा आणली. जोंगा ही लष्कराची जीपसारखी, पण जीपहून दांडगी गाडी. निसान या जपानी कंपनीच्या गाडीवरून ती जबलपूरला १९६९ पासून करू लागले आणि १९९९ पर्यंत करीत होते. लष्कराने मोडीत काढल्या की त्या लिलावात जातात. ही आली तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालत असतील अशी तिची दशा होती. पोराने दोन वर्षे पदरचा पैसा घालून इंजिन उघडले, पत्रा ठोकला, ताडपत्रीचे नवे छत शिवून घेतले. त्याची आई माझ्याकडे येऊन रडायची, की ह्या पैशात ह्याचं लग्न झालं असतं.

गेल्या दसऱ्याला गाडी उभी राहिली. झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. सगळी गल्ली जमली. मामंजीही काठी टेकीत आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "रंग चुकला." पोरगा बिचारा खजील झाला. म्हणाला, "आजोबा, तो हिरवा रंग आपल्याला लावता येत नाही. तसा कायदाच आहे, तो फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना." म्हणून त्याने मातकट रंग दिला होता. मामंजी म्हणाले, "बरं आहे. कायदा बरा आहे." आणि मग, बायांनो, सत्त्याहत्तर वर्षांचा तो माणूस काठी बाजूला ठेवून चक्क गाडीमागे जमिनीवर आडवा झाला आणि खाली डोकावून ओरडला, "इथला पांढरा कुठं आहे?"

आम्हाला कुणालाच काही कळेना. मग गॅरेजवाल्याला उमगले. मागच्या आसाच्या मध्यावर एक मोठा लोखंडी गोळा असतो, त्याला डिफ्रेन्शियल म्हणतात. त्यावर पांढरा रंग होता खरा, पण ह्याने सगळा खालचा भाग काळा मारून टाकला होता. मामंजींनी तिथल्या तिथे सांगितले, की लढाईत रात्री गाड्यांचा ताफा निघाला की मोठे दिवे लावायचे नाहीत, वरून विमान बघेल. त्या पांढऱ्या गोळ्यावर उजेड पडेल असा एक बारीक दिवा गाडीच्या पोटाखाली असतो. मागच्या ड्रायव्हरने तेवढाच पांढरा ठिपका धरून चालायचे. ठिपका लहान झाला तर मागे पडलो, मोठा झाला तर अंगावर आलो.

मी तिथेच उभी होते, हातात आरतीचे ताट. मला रॉकेलचा बोळा आठवला. भगिनींनो, मला मान वर करता येईना.

त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी गॅरेजसमोरच्या बाकावर म्हाताऱ्यांची बैठक भरू लागली. एक सिग्नलमधले हवालदार, एक लष्करी वर्कशॉपचे मिस्त्री, भिंगारहून सायकल मारीत येणारे एक तोफखान्यातले. ह्या सगळ्यांचा चहा गल्लीतल्या बायांनी पाळीपाळीने करायचा असे कुणी ठरविले ते देवास ठाऊक, पण आम्हाला कुणी विचारले नाही! दूध आमचे, साखर आमची, आणि साखर वर्ज्य असलेले दोघे त्यातच बसलेले. असो. चहा द्यायला म्हणून मी थांबू लागले आणि ऐकू लागले.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. "लढाईत काय झालं हो?" असे विचारले की ही माणसे गप्प होतात, नाहीतर "काय व्हायचंय, ड्यूटी केली" म्हणतात. पण "हा दुसरा दांडा कशाला?" असे विचारा, की चिखलात गाडी रुतली तर चारी चाकांना जोर कसा द्यायचा, तो चिखल कुठला, तिथे थंडी कशी, पाण्याच्या टाकीवर बर्फ कसे धरले, मागे कोण ढकलीत होता, तो आता कुठे आहे, असे सगळे आपोआप निघते. स्वयंपाकघरात नाही का, "माहेरची आठवण येते का?" विचारले तर बाई "नाही" म्हणते, आणि "तुमच्याकडे पुरण कसं करतात?" विचारले की डोळे भरतात.

मार्गशीर्षात आपल्या मंडळाची सहल सोलापूर रस्त्याजवळच्या रणगाडा संग्रहालयात गेली होती, ती बऱ्याच जणींना आठवत असेल. मी मामंजींना बरोबर घेतले होते. १९९४ साली ते संग्रहालय उघडले, आणि तीस वर्षे मी त्याच्या वाटेवरून पापड-कुरडयांचे गहू न्यायला जात होते, आत कधी गेले नव्हते! पन्नासच्या आसपास रणगाडे आणि चिलखती गाड्या तिथे आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळची रोल्स रॉइस कंपनीची चिलखती मोटार आहे, विलायती व्हॅलेंटाइन आहे, आपल्याकडे आवडीला तयार झालेला विजयंता आहे. १९६५ साली खेमकरणजवळ असल उत्तरच्या लढाईत पाकिस्तानचे पॅटन रणगाडे आपल्या लोकांनी अडविले, तसला पॅटनही आहे. मुलांनी त्याच्याजवळच फोटो काढून घेतले.

मला वाटले होते मामंजी हरखून जातील. पण ते शांतपणे पाहत होते, जसे आपण दुसऱ्याच्या घरातल्या वस्तू पाहतो. परत येताना म्हणाले, "छान ठेवलंय. पण सगळे झोपलेत." माझेही मत तेच झाले आहे. पुसूनपासून ठेवलेली वस्तू डोळ्यांना दिसते. चालू इंजिनाचा आवाज आणि पेट्रोलचा वास मात्र थेट आत कुठेतरी जातो. संग्रहालयवाल्यांचा त्यात दोष नाही, एवढे रणगाडे कोण चालवीत बसणार?

फक्त सेंच्युरियन रणगाड्यापाशी ते जरा थांबले. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतर नदीच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ह्याच जातीच्या रणगाड्यात लढता लढता गेले. वय अवघे एकवीस. त्यांना परमवीर चक्र मिळाले. त्यांच्या रणगाड्याचे नाव 'फॅमागुस्टा', आणि तो आपल्या नगरच्याच लष्करी केंद्रात जपून ठेवलेला आहे. मामंजी मला म्हणाले, "हे पेट्रोलवर चालायचे. गॅलनभर पेट्रोलात मैलभरही जात नाहीत. ह्यांना पाजायला आम्ही होतो." त्यापुढे काही नाही.

पुढचे पौषात निघाले. एक दिवस सकाळी कडाक्याची थंडी होती आणि जोंगा काही केल्या चालू होईना. पोरगा चावी फिरवतो आहे, इंजिन घुरघुरते आणि बसते. मी चहा घेऊन गेले तर मामंजी बाकावर घामाने भिजलेले. मी घाबरले, म्हटले, डॉक्टरांना बोलावू का? ते म्हणाले, "बस." आणि मला, गॅरेजवाल्याला आणि त्या मिस्त्रीबुवांना त्यांनी जे सांगितले ते असे.

शकरगडच्या बाजूला सहा शक्तिमान ट्रक पेट्रोल घेऊन रात्री निघायचे होते. लढाई थांबायला दोन दिवस उरले होते, पण ते कुणाला ठाऊक? वाटेवर शत्रूने सुरुंग पेरलेले. आपल्या लोकांनी ते काढून अरुंद पट्टा मोकळा केलेला आणि दोन्ही कडांना पांढऱ्या फिती बांधलेल्या. मामंजींचा ट्रक पहिला, त्यांच्या जोडीदाराचा दुसरा. जोडीदार कोल्हापूरकडचा, दोघांची भरती एका वर्षाची, दोघे एका ताटात जेवायचे. त्या थंडीत मामंजींचे इंजिन चालू होईना. वेळ जाऊ लागला. तेव्हा जोडीदार म्हणाला, "मी पुढं होतो. तू माझा ठिपका धरून ये." आणि तो पुढे झाला.

धूळ फार होती. कुठेतरी आधीच्या गाड्यांच्या चाकांत गुंतून फीत तुटली होती. मामंजी म्हणाले, "मी त्याचा ठिपका बघत होतो. तो जरा डावीकडं गेला. मला वाटलं, वळण आहे. मी पण चाक डावीकडं घेतलं. आणि मग..." गाडीत पेट्रोल होते. कुणाला जवळ जाता आले नाही. बाकीचे ट्रक मागे घेऊन ते थांबले. मामंजी म्हणाले, "एवढा उजेड पडला होता, फीत कुठवर आहे ते लख्ख दिसत होतं." पहाटे सुरुंगवाल्यांनी बाजूने वाट करून दिली आणि हे पाच ट्रक पुढे गेले, कारण पुढे रणगाडे पेट्रोलची वाट पाहत होते.

एवढे सांगून झाले आणि मग ते म्हणाले, की १९७२ साली रजेवर आल्यावर त्याच्या घरच्यांना भेटायला म्हणून ते निघाले होते. त्याचे लग्न होऊन वर्षच झाले होते. कोल्हापूरच्या एस. टी. स्टँडवर दोन तास बसले आणि परतीच्या गाडीत चढले. सासूबाईंना सांगितले, की कुणी घरात नव्हते.

त्या रात्री मी आमच्या ह्यांना सगळे सांगितले. स्कूटर आता जुनी झाली आहे, पण दुसऱ्या दिवशी मी स्वतः पांढऱ्या रंगाची डबी आणली आणि मामंजींच्या पुढे ठेवली. ते म्हणाले, "आता कशाला?" तरी काढला त्यांनी. हात कापतो, त्यामुळे गोल आला नाही.

मग मी त्यांना म्हटले, "गावाचं नाव आठवतं का?" गाव, आडनाव, भावाचे नाव, सगळे आठवत होते. मी पत्र लिहिले. माझे अक्षर काही मोत्यासारखे नाही, चार वेळा फाडले. तीन आठवडे काही नाही. मग उत्तर आले, पुतण्याच्या बायकोने लिहिलेले. तिची चुलतसासू, म्हणजे मामंजींच्या जोडीदाराची बायको, हयात आहे. ऐकू कमी येते. तारेने कळले तेवढेच त्यांना माहीत, पुढे कुणी आले नाही. सुनेने लिहिले आहे, की आजींना कानाशी जाऊन सांगितलं, तर म्हणाल्या, त्यांना घेऊन या आणि जेवायला थांबायचं म्हणावं.

गॅरेजवाला जोंगा घेऊन चला म्हणून हटून बसला आहे. मामंजींनी साफ नाही सांगितले. "त्या आवाजात मी तिच्या दारात उभा राहणार नाही," म्हणाले. तेव्हा येत्या बुधवारी सकाळच्या एस. टी.ने आम्ही तिघे निघणार आहोत. काल रात्री मी दशम्यांचे पीठ काढून ठेवीत होते, तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, "सूनबाई, पहिली गाडी माझी होती, हेही सांगायचं का तिला?" मला एकदम काही सुचले नाही. मी म्हटले, "वाटेत ठरवू."